नॉर्वेचा किनारा आणि बडोद्याचं पंचांग

ताई, नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, वय 58. यजमान नुकतेच रिफायनरीतून निवृत्त झाले. 2026 मध्ये एक मोठा प्रवास करायचा, तोही नॉर्वेच्या किनाऱ्याने बोटीतून, एवढं ठरलंय आणि आमचं एकमत तिथेच संपलंय. यांना जुलै हवा. म्हणतात, मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स (उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशातले ते रंगीत प्रकाश) दोन्ही एकदम उरकून टाकू. मला गर्दी ओसरल्यावरचे दिवस हवेत. नणंद आणि तिचे यजमान बरोबर येणार, त्यांना स्विमिंग पूल, नाचगाणी असलेलं मोठं क्रूझ पाहिजे. गणपतीत मला घर सोडता येत नाही, नवरात्रात घरी घट असतात (आणि खरं सांगू, गरबाही सोडवत नाही). उरतात मधले पंधरा दिवस, तर सासूबाई म्हणतात, पितृपंधरवड्यात कसले समुद्रावर जाता! सासऱ्यांची तिथी वद्य द्वितीया आहे. आम्ही शाकाहारी, शिवाय मला गाडी लागते. काय करू?
ता. क. बोटीवर साडी चालते का?
— एक वाचक, बडोदा

ताई,

आधी जुलैचा निकाल लावू, कारण तो एका वाक्यात लागतो. ज्या दिवसांत सूर्य मावळत नाही, त्या दिवसांत आकाशाला अंधारच मिळत नाही, आणि अंधाराशिवाय नॉर्दर्न लाइट्स दिसत नाहीत. ट्रॉम्सो या शहरात साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. त्यानंतरही काही आठवडे रात्र म्हणजे नुसता संधिप्रकाश. तेव्हा यजमानांना सांगा, दोन्हींपैकी एक निवडा. 'दोन्ही एकदम' असं पॅकेज कोणी विकत असेल तर त्याच्याकडून तिकीट घेऊ नका.

आता तुमच्या मधल्या पंधरा दिवसांबद्दल. तुम्ही त्यांना 'उरलेले' म्हणता. माझ्या मते तुमच्या सगळ्या वर्षातले, या एका कामासाठी, तेच उत्तम दिवस आहेत. उत्तर नॉर्वेत हे प्रकाश सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत दिसू शकतात. त्यातही दिवस-रात्र समान होण्याच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी आणि मार्चमध्ये, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याला जास्त सहज वाट देतं, म्हणून या प्रकाशांची हालचाल वाढते. सूर्याच्या चढउताराचा अकरा वर्षांचा फेराही आत्ता बरा आहे: तो ऐन भरात असल्याचं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालं होतं, आणि उतरणीच्या पहिल्या वर्षांतही सूर्यावर चांगली वादळं होतात. उरला चंद्र. भाद्रपद वद्य म्हणजे कृष्ण पक्ष. 26 सप्टेंबर 2026 ला पौर्णिमा, 10 ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या. मधल्या काळात चंद्र रोज झिजत जातो. पितृपंधरवडा दरवर्षी याच सुमाराला आणि दरवर्षी कृष्ण पक्षातच येतो, हे आपल्याला पाठ असतं. त्याचा असा उपयोग होईल हे कोणाच्या ध्यानात येत नाही, इतकंच.

चंद्राचं फार अवडंबरही नको. जोरदार प्रकाश पौर्णिमेलाही दिसतो, आणि चांदण्यात खालचे बर्फाळ डोंगर उजळतात ते वेगळंच. चांदण्यात हरवतात ते फिकट पट्टे. खरा शत्रू ढग, आणि तो कोणत्याही पंचांगात सापडत नाही. म्हणून एका रात्रीची सहल घेण्यापेक्षा चार-पाच रात्री उत्तरेत सरकत राहणारी बोट बरी. एका बंदरावर ढग असले तर पुढच्या बंदरावर आकाश उघडं असू शकतं.

सासूबाईंचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पितृपंधरवड्यात लग्न, मुंज, वास्तुशांत, नवी खरेदी आपण टाळतो. प्रवासाला तशी आडकाठी रूढीत नाही, पण त्यांच्या मनातली अडचण बहुधा प्रवासाची नाहीच. श्राद्धाला मुलगा घरी असेल ना, ही आहे. द्वितीया पंधरवड्याच्या सुरुवातीलाच, 28 सप्टेंबरला येते (घरच्या पंचांगात एकदा पाहून घ्या). श्राद्ध यथासांग करून मग निघा. आणि हे सासूबाईंशी तुम्ही बोलू नका, यजमानांनी बोलावं. 'आईंना पटत नाही' हे सुनेच्या तोंडून ऐकलं की प्रवासाचा विषय बाजूला राहतो आणि भलतंच काही सुरू होतं. समुद्र ओलांडण्यापुरतं म्हणाल तर त्याचं उत्तर बडोद्यात फार पूर्वी मिळून गेलंय: सयाजीराव महाराज 1887 मध्येच युरोपला जाऊन आले.

आता नणंदबाई. इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर दोन वेगळ्या प्रकारची जहाजं फिरतात. एक, तीन-चार हजार माणसांची तरंगती हॉटेलं, ज्यांत पूल आणि शो असतात. ती मोठ्या बंदरांवर थांबतात आणि त्यांचा मुख्य हंगाम उन्हाळा. दुसरी, किनारी सेवेची जहाजं. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने 1893 च्या जुलैत 'वेस्तेरॉलेन' हे जहाज ट्रॉन्धाइमहून हामरफेस्टला नेलं, तिथून ही सेवा सुरू झाली. त्या काळी उत्तरेत पत्र पोचायला उन्हाळ्यात आठवडे आणि हिवाळ्यात महिने लागत. आज बर्गन ते किर्केनेस या मार्गावर हुर्टिग्रुटेन या कंपनीची सात आणि हाविला या कंपनीची चार अशी अकरा जहाजं आळीपाळीने धावतात, वाटेत 34 बंदरं घेतात, आणि जाऊन-येऊन पुन्हा बर्गनला यायला अकरा-बारा दिवस लागतात. आपल्या एस.टी.सारखंच काम आहे हे: गाव छोटं असलं तरी थांबायचं, चार माणसं आणि दहा खोकी उतरवायची, दोन माणसं चढवायची आणि निघायचं. पर्यटक त्यात बसतात, पण जहाज पर्यटकांसाठी थांबत नाही. रात्री दोनला खाली फोर्कलिफ्ट खडखडते. कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत. संध्याकाळी कोणीतरी कॉड माशाच्या मासेमारीवर व्याख्यान देतं, एवढीच करमणूक.

मला स्वतःला हीच जहाजं आवडतात आणि तुमच्या पत्रातल्या 'गर्दी ओसरल्यावरचे दिवस' या शब्दांवरून वाटतं, तुम्हालाही आवडतील. नणंदबाईंना नाही आवडणार. चौघांनी मिळून मधला मार्ग काढाल तर दोघांचेही पैसे वाया. त्यांना मोठं क्रूझ भूमध्य समुद्रात घेऊ द्या, तुम्ही उत्तरेला जा, दिवाळीत फोटो एकत्र बसून बघा. त्या तरीही बरोबर येतोच म्हणाल्या, तर वरचा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मग विचारा.

तारखा मी अशा बसवल्या आहेत. 28 ला श्राद्ध. त्याच रात्री धावपळ करत निघू नका. 30 च्या पहाटे अहमदाबादहून दुबई किंवा दोहामार्गे ओस्लो, तिथून लगेच तासाभराच्या विमानाने बर्गन. ओस्लो–बर्गन आगगाडीही आहे, 1909 पासूनची, जवळजवळ सात तासांची. वाटेत फिन्से स्टेशन 1222 मीटर उंचीवर लागतं, आणि या दिवसांत ते सगळं पठार लाल-तपकिरी असतं. घट तुमच्या जाऊबाईंकडे असते तर मी ती गाडी घ्यायलाच लावली असती. पण तुमच्या दिवसांत ती बसत नाही, आणि त्याच दिवशी संध्याकाळी जहाज गाठायचं म्हणून गाडीत बसणं हा जुगार आहे. जहाज थांबत नाही, हे पुन्हा सांगते.

1 ऑक्टोबरचा दिवस बर्गनला. पाऊस धरूनच चाला. या गावात वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे बडोद्याच्या दुपटीहून बराच जास्त, आणि तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पुरवून पुरवून पडतो. ब्रिग्गेन हा लाकडी घरांचा जुना धक्का बघा, फ्लोयेनच्या टेकडीवर रुळांवरच्या गाडीने जा, रात्री जहाजात चढा.

2 ऑक्टोबर हा तुमचा रंगांचा दिवस. उन्हाळ्यात ही जहाजं प्रसिद्ध गायरांगर फियॉर्डमध्ये (फियॉर्ड म्हणजे डोंगरांत खोल शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) शिरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याऐवजी योरुंद फियॉर्डमध्ये. हे मी तोटा मानत नाही. गायरांगरला सगळं जग जातं. योरुंदच्या दोन्ही बाजूंना सरळ पाण्यातून उठलेले सुन्नमोरे आल्प्स आहेत, आणि आत उर्के नावाचं चिमुकलं खेडं. किनाऱ्यालगत बर्च पिवळे, वर खुरट्या झुडपांचे लाल पट्टे, त्याच्या वर कधीकधी पहिला बर्फ. उर्केला उतरायला छोट्या बोटीत पाय टाकावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर डेकवरूनच बघा, चुकल्यासारखं वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अगदी उत्तरेतले पानगळीचे रंग सप्टेंबरच्या मध्याला भरात असतात, आणि 14 ते 25 सप्टेंबर तुमच्याकडे गणपती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉम्सोच्या पुढे झाडं जवळपास उघडी झालेली असतील. दक्षिणेला रंग आणि उत्तरेला अंधार, अशी वाटणी तुमच्या वाट्याला येते. मला ती वाईट वाटत नाही.

3 ला ट्रॉन्धाइम, निदारोस कॅथेड्रलचं गाव. 4 च्या सकाळी 66 अंश 33 मिनिटांवर आर्क्टिक वृत्त ओलांडाल. एका बेटावर पृथ्वीगोलाची खूण आहे, कॅमेरे घेऊन सगळे एकाच कठड्याला लोंबकळतात, आणि मग डेकवर ज्याची इच्छा असेल त्याच्या मानेवरून पाठीत बर्फाचं पाणी ओततात. यजमानांना पुढे करा. त्याच संध्याकाळी लोफोटेनची बेटं येतात, पण अंधारात. एकमार्गी प्रवासाची ही किंमत: जाताना जी बंदरं रात्री लागतात ती परतीच्या फेरीत दिवसा दिसतात, आणि तुम्ही परतीची फेरी सोडताय. पूर्ण फेरी घेतली तर घटस्थापना चुकते. ती चुकवू नका. घट बसले आणि सूनबाई समुद्रावर, या मुद्द्यावर मात्र मी सासूबाईंच्या बाजूने आहे.

5 ला ट्रॉम्सो, दुपारनंतर चारेक तास मिळतात. पूल ओलांडून आर्क्टिक कॅथेड्रल (1965 सालचं, त्रिकोणी, पांढरं) बघा, किंवा रोपवेने डोंगरावर जा. दोन्ही करायला गेलात तर धावाल. 6 ला होनिंग्सवोग. तिथून बसने नॉर्थ केप, 71 अंश 10 मिनिटांवरचा तीनशे मीटर उंच कडा. ही सहल वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते आणि महाग असते, पण सगळ्या सहलींत एकच घ्यायची तर ही. (युरोपचं उत्तर टोक म्हणून मिरवणाऱ्या या कड्याच्या शेजारचीच एक बुटकी जमीन त्याहून किंचित पुढे गेलेली आहे. तिथे फारसं कोणी जात नाही, कारण कडा नाही.) गावात चर्च दिसलं तर थांबून बघा: 1944 मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना हा सगळा प्रदेश जाळला, तेव्हा होनिंग्सवोगमध्ये एवढी एकच इमारत उभी राहिली होती. उत्तरेकडची गावं इतकी नवीकोरी आणि चौकोनी का दिसतात, याचं उत्तर त्यात आहे.

7 च्या सकाळी किर्केनेस. रशियाची सीमा इथून जेमतेम पंधरा किलोमीटर. त्याच दिवशी विमानाने ओस्लो, 8 ला निघा, 9 ला घरी. 10 चा दिवस मुद्दाम मोकळा ठेवलाय. ऑक्टोबरात वादळ आलं तर जहाज एखादं बंदर गाळतं किंवा उशीर करतं, तेव्हा हाताशी एक दिवस हवा. 11 ला घट, रात्री गरबा.

प्रकाश दिसला तर रात्री जहाजावर घोषणा होते. ट्रॉम्सोच्या आसपास त्या दिवसांत संध्याकाळी आठपर्यंत आकाश पुरेसं काळं होतं, तेव्हा पहाटेपर्यंत जागायची गरज नाही. जेवण झालं की दिव्यांपासून दूर अशी डेकवरची जागा शोधा आणि डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मनाची तयारी एवढी ठेवा: फोटोत दिसतो तो झगझगीत हिरवा रंग पुष्कळदा कॅमेऱ्याची करामत असते. फिकट प्रकाश नुसत्या डोळ्यांना राखाडी ढगासारखा वाटतो. ढग आहे की प्रकाश, अशी शंका आली तर मोबाइलचा नाइट मोड लावून बघा, हिरवं आलं तर तोच. जोर धरला की मात्र शंका राहत नाही, तो हलायला लागतो. हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, त्याहून वरचा लाल, तोही ऑक्सिजनचाच. तिपाई नेऊ नका. डेक सतत थरथरतो. दोन्ही कंपन्या पूर्ण फेरीवर 'प्रकाश दिसला नाही तर दुसरा प्रवास फुकट' अशी हमी देतात. तुमचा प्रवास एकमार्गी, तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखू नका.

तुम्हाला गाडी लागते, तर ऐका. या मार्गाचा बराचसा भाग बेटांच्या आडोशाने जातो, तिथे पाणी शांत असतं. उघडा समुद्र लागतो तो स्टादच्या भूशिरापाशी, मोल्डे आणि क्रिस्तियानसुंदच्या मधल्या हुस्ताद्विकात, बोडो ते लोफोटेन वेस्टफियॉर्ड ओलांडताना, आणि शेवटी बॅरेंट्स समुद्रात. ऑक्टोबरात इथे बोट हलते, काही वेळा चांगलीच हलते. गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, आधी तासभर घ्यायची. कोणती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही गोळ्या चालत नाहीत. यजमानांसाठीही विचारून ठेवा. आलेपाक न्याच. केबिन घेताना जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्याची बघा, तिथे हलणं कमी. अगदी पुढच्या टोकाची घेऊ नका, बंदरात शिरताना तिथे यंत्रांचा आवाज फार. खिडकीची केबिन घेणार असाल तर समोर लाइफबोट येत नाही ना, हे नकाशावर तपासा. 'मर्यादित दृश्य' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तोच.

जेवण. शाकाहारी मिळतं, पण बुकिंगच्या वेळी लेखी कळवायचं आणि जहाजावर पहिल्याच जेवणाला पुन्हा सांगायचं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर कठीण आहे. तिथला स्वयंपाकी माशांत वाढलेला. भाज्या चांगल्या करतो, पण त्याला मिरची ठाऊक नाही. खाकरे, मेथीचे थेपले, कोरडा चिवडा, मेतकूट, लोणच्याची घट्ट झाकणाची बरणी बरोबर असू द्या. तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या मात्र अजिबात नकोत. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत आणि नॉर्वेलाही तोच नियम आहे. केटलीही घरीच ठेवा, केबिनमध्ये तापवायची उपकरणं लावू देत नाहीत. बाटलीबंद पाण्यावर एक क्रोनही घालवू नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

थंडीला लोक उगाच घाबरतात. गल्फ स्ट्रीमच्या उबेमुळे हा किनारा त्या अक्षांशाच्या मानाने फार सौम्य आहे. बर्गनला दहाच्या आसपास, अगदी उत्तरेत शून्य ते सहा अंश. त्रास वाऱ्याचा असतो. आत लोकरीचं किंवा थर्मल, मध्ये एक स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, हातमोजे, माकडटोपी, आणि ओल्या डेकवर न घसरणारे बूट. जाडजूड कोटावर पैसे घालू नका, बडोद्यात पुन्हा कधी घालणार?

कागदपत्रांचं थोडक्यात. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तेव्हा शेंगेन व्हिसा लागेल, शुल्क 90 युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेची सुट्टीवाल्यांची झुंबड टाळून जून-जुलैत करा. 30 हजार युरोंचा विमा सक्तीचा आहे, पण तुमच्या वयात तेवढ्यावर थांबू नका, आधीपासूनचे आजार धरणारी पॉलिसी घ्या, भले हप्ता जास्त पडो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंगं. टूर कंपनीमार्फत गेलात तर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जाईल, तो विवरणपत्रात वळता करून घ्या. यजमान निवृत्त आहेत, हे काम त्यांच्याकडे द्या.

आणि साडी. चालते की! जेवणघरात रोज नेसा, आत हीटर चालू असतात, कोणाची हरकत नाही. फक्त उत्तरेतल्या त्या तीन-चार रात्री झोपताना जाड पँट आणि जाकीट खुर्चीवर काढून ठेवा. रात्री घोषणा झाली की निऱ्या घालायला वेळ नसतो.